टूम रेडर १-३ रीमास्टर्ड : मजा आहे, पण कीबोर्डवर

कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप एका बाजूला ओढायला लागली तेव्हा गेमची नायिका लारा पहिल्या भागातल्या सेंट फ्रान्सिस फॉली या लेव्हलच्या खोल मनोऱ्यात, कठड्यावर उभी होती. बोट न लावता चालत जाऊन खाली पडायची. ठाणे स्टेशनजवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या माणसाने स्टिक हलवूनही बघितली नाही. कडेचा बारीक ओरखडा दाखवून वॉरंटी नाकारली. दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या कंट्रोलरएवढा. हुज्जत घालून उपयोग झाला नाही. एक पैसा द्यायचा नाही असं ठरवून घरी आलो आणि कीबोर्ड पुढे ओढला.

तोपर्यंत माझं मत ठरलेलं होतं. ॲस्पायर कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेला, मालिकेतल्या पहिल्या तीन गेमचा हा संच म्हणजे जुन्या आठवणींना नवा रंग, बाकी काही नाही. मी 'मॉडर्न कंट्रोल'वर खेळत होतो. जिकडे स्टिक वळवाल तिकडे लारा पळते.

कीबोर्डवर जुने टँक कंट्रोल लावले, म्हणजे डाव्या-उजव्या बटणाने लारा जागेवर वळते आणि पुढच्या बटणाने तोंड असेल तिकडे पळते, आणि मत बदललं. १९९६ च्या गेमचं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे आणि लाराची उडी त्याच मापाची. चालायचं बटण दाबून कडेपर्यंत जा, ती तिथेच थांबते, पडत नाही. एक उडी मागे. मग पळत सुटा आणि उडीचं बटण आधीच दाबून ठेवा. ती अगदी कडेवरून झेपावते. हवेत असतानाच पकडायचं बटण दाबायचं, की समोरची कड हाताला लागते. फसलं तर का फसलं ते कळतं. मॉडर्न कंट्रोलवर मी हीच उडी अंदाजपंचे मारत होतो.

२०१३ पासूनच्या भागांत नेमकं हेच हरवलंय. ते देखणे आहेत, तिरंदाजी झकास आहे, पण एक बटण दाबलं की कामाच्या वस्तू चमकायला लागतात आणि उडी बहुतेक वेळा गेमच सांभाळून घेतो. २०१८ च्या 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्ये शोधाची काठिण्यपातळी वाढवली की कड्यांवरचा वाट दाखवणारा पांढरा रंग जातो. त्याने बराच फरक पडतो, जरूर करून बघा. उडी मात्र तशीच सोपी राहते.

माझा पुतण्या २०१३ चा भाग खेळून आलेला. "काका, कुठे जायचं ते हा दाखवत का नाही?" म्हणून वैतागला होता. हल्ली स्क्रीनला बोट लावून ठोकळे मोजतो आणि मला गप्प बसायला सांगतो.

तक्रार एकच: नव्या ग्राफिक्समध्ये काही खोल्या फार अंधाऱ्या आहेत. भिंतीवरची कळ दिसत नाही म्हणून एका बटणाने जुन्या ग्राफिक्सवर जावं लागतं. आणि तिसऱ्या भागात, भारतातल्या जंगलात, माकडं मेडिपॅक (लाराची तब्येत भरून काढणारी औषधपेटी) उचलून नेतात; आधी वस्तू गोळा करा.

सेलमध्ये मिळाला तर डोळे झाकून घ्या. मालिकेचा नवा भाग उडीचं माप पुन्हा माझ्या हातात देणार असेल, तर तो मी सेलची वाट न बघता पूर्ण किमतीला घेईन.