कपडे पार्सलने की गोखले रोडवरून? जेवण डब्याचं की कुकरचं?

माझी भाची जूनमध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहायला आली. नोकरी नवी मुंबईत, ऐरोलीला. सकाळी बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची (नवी मुंबईकडे जाणारी) लोकल, संध्याकाळी तेच उलटं. घरात पाऊल टाकायला आठ वाजतात. पहिल्या महिन्यातच तिने विचारलं, "मावशी, कपडे ॲपवरून मागवत जाऊ की तुझ्याबरोबर गोखले रोडच्या दुकानांत येऊ? आणि डबा लावू की घरीच करू?"

मी नौपाड्यात राहते. दोन्ही गोष्टी दोन्ही प्रकारे करून झाल्या आहेत, म्हणून तिला फोनवर घाईत उत्तर दिलं नाही. तिच्यासारखी नवीन बिऱ्हाडं ठाण्यात आणि नवी मुंबईत रोज थाटली जातात, तेव्हा जे तिला सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. प्रत्येक सोयीला कामाचं एक शेपूट असतं. पार्सलचं शेपूट म्हणजे परत पाठवणं. दुकानाचं शेपूट म्हणजे जाण्यायेण्यातली संध्याकाळ. स्वयंपाकाचं शेपूट भांडी, आणि डब्याचं शेपूट म्हणजे उद्या नको आहे हे आज आठवणीने कळवणं. तुलना करताना हे शेपूट धरून करावी. नाहीतर ॲपवर कुर्ती दोन मिनिटांत आली असं वाटतं आणि डबा फुकटात वेळ वाचवतो असं वाटतं.

कपडे

किमतीचं पटकन सांगते, कारण निर्णय त्यावर करू नये असं माझं मत आहे. रोजच्या कुर्त्या, टी-शर्ट, लेगिंग्ज ॲपवर सेलमध्ये स्वस्त मिळतात, पण जांभळी नाक्याच्या आणि स्टेशनजवळच्या दुकानांतही तशाच भावाचा माल असतो. जीएसटीचे दर दोन्हीकडे तेच: 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के आणि त्यावरच्याला 18 टक्के. खरा फरक मापाचा आहे.

माझ्याकडे एकाच महिन्यात दोन कुर्त्या आल्या, दोन्हींवर 'एल' लिहिलेलं. एक अंगात गेली, दुसरी काखेत अडकली. टेप लावून पाहिलं तर छातीत दोन इंचांचा फरक. 'एल' हे अक्षर आहे, माप नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. आता मी असं करते: अंगाला छान बसणारी जुनी कुर्ती पलंगावर सपाट पसरायची, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजायचं आणि त्याची दुप्पट करायची. तो आकडा, खांद्याची रुंदी आणि लांबी फोनमध्ये लिहून ठेवायची. ॲपवरच्या तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं हे नीट वाचायचं. दोन्हींत दोन ते चार इंचांचा फरक असतो, कारण कपड्यात हालचालीला जागा ठेवलेली असते. बहुतेक पार्सलं परत जातात ती इथे फसगत होऊन.

आता मुद्दा मायेचा. आपल्याकडे शिंपी ब्लाउज शिवताना दोन्ही बाजूंना आत इंचभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि सैल करून घ्यायचं. माझ्या लग्नातले दोन ब्लाउज मायेच्या जोरावर वीस वर्षं चालले. तयार कपड्यात ही माया जवळजवळ नसतेच. कारखान्यात कापड वाचवायचं असतं आणि कडा ओव्हरलॉकने बंद केलेली असते. म्हणून पार्सलने आलेला कपडा घट्ट करून मिळेल, सैल करून मिळणार नाही. दोन मापांत अडखळलात तर मोठं माप मागवा. राम मारुती रोडच्या आसपास अल्टर करून देणारे पुष्कळ आहेत, बाजूची शिवण आत घेणं त्यांना हातचा मळ आहे.

दुसरी गोष्ट कापडाची. फोटोत कापड दिसतं, पण हाताला लागत नाही. वर्णनात 'रेयॉन' किंवा 'व्हिस्कोस' असेल तर ते अंगावर मऊ पडतं पण ओलं असताना कमजोर असतं, पिळू नये. निव्वळ सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो. समजा तो 3 टक्के आटला, तर 44 इंच लांबीची कुर्ती सव्वा इंचाहून जास्त आखूड होते. गुडघ्याखाली येणारी कुर्ती गुडघ्यावर जाते ती अशी. दुकानात विक्रेत्याला "धुतल्यावर आटते का?" विचारता येतं, आणि ओळखीचा दुकानदार खरं सांगतो. ॲपवर त्यासाठी गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, कंपनीचे नव्हे. आणि कमी तारे देणाऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा.

शिवाय इथला पाऊस. जुलैमध्ये घोडबंदरच्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये जाड जीन्स दोन दोन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास लागतो. पावसाळ्यासाठी पातळ, मिश्र धाग्याचे कपडे घ्यावेत, आणि जाडी किती ते हाताने बघूनच. भाचीने पहिल्याच पावसात दोन जीन्स मागवल्या होत्या. त्या आजही दिवाळीची वाट बघत कपाटात आहेत.

परत करण्याबद्दल लोकांच्या मनात गोंधळ असतो, तो दूर करते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे गोखले रोडच्या दुकानालाही लागू आहे, भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली तरी. ऑनलाइनसाठी 2020 चे वेगळे नियम आहेत: तक्रार आल्यावर 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. जाहिरातीत दाखवलं त्यापेक्षा वेगळा माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. दाद मिळाली नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. 'रंग आवडला नाही', 'नीट बसला नाही' ही कारणं मात्र कायद्याची नव्हेत, ती त्या त्या ॲपच्या किंवा दुकानाच्या धोरणाची. इथे ॲप उजवं ठरतं. कपडा चांगला असूनही ते परत नेतात. दुकानदार फार तर बदलून देतो. आतले कपडे सहसा दोन्हीकडे परत होत नाहीत.

घरी आल्यावर पैसे देण्याची सोय नवी नाही. भारतीय पोस्टाची व्हीपीपी, म्हणजे पैसे देऊन सोडवून घ्यायचं पार्सल, 1877 पासूनची. आमच्या आईच्या माहेरी पुस्तकं, औषधं तशीच यायची. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मग पुडकं उघडायचं. आत काय निघेल ते निघेल. आता पुडकं उघडून, घालून बघून परत पाठवता येतं, हा फरक खूप मोठा आहे आणि तो मला मनापासून आवडतो.

पण त्याचं शेपूट विसरू नका. परत न्यायला माणूस सोमवारी दुपारी येतो, तेव्हा तुम्ही ऐरोलीत असता. सोसायटीच्या वॉचमनकडे पिशवी ठेवायची, लेबल काढायचं नाही, ओटीपी फोनवर सांगायचा, आणि पैसे जमा झाले का ते आठवडाभर बघत राहायचं. तीन पार्सलं परत गेली की गोखले रोडची एक संध्याकाळ त्यात जाते. रोख देऊन घेतलेल्या कपड्याचे पैसे बँक खात्यात येतात की ॲपच्या पाकिटात, हे परत करतानाच बघून घ्या.

तेव्हा माझी विभागणी अशी: लेगिंग्ज, टी-शर्ट, रात्रीचे कपडे, चादरी, एकदा घेऊन बसलेला कपडा पुन्हा त्याच मापात, हे सगळं पार्सलने. साडी, ड्रेसचं कापड, जीन्स आणि लग्नाकार्यात घालायचं काहीही, हाताने बघून.

जेवण

इथे मी तिला जास्त वेळ दिला, कारण कपडे महिन्यातून एकदा घेतो, जेवतो रोज.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या: महिन्याचा डबा, पोळीभाजी केंद्र, आणि घरी स्वयंपाक. डबा दुपारी ऑफिसात येत असेल तर चांगला. रात्रीचा डबा मला पटत नाही. तो सात वाजता दाराशी येतो, आठला आपण येतो, आणि तोवर पोळ्या वातड झालेल्या असतात. शिवाय शिजलेलं अन्न गरम 60 अंशांच्या वर किंवा थंड 5 अंशांच्या खाली राहायला हवं. ठाण्याच्या मे महिन्यात दाराबाहेर तासभर टांगलेली पिशवी या दोन्हींत बसत नाही. डबा लावायचाच असेल तर पुरवणाऱ्याचा 14 अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक आधी विचारा. जो चांगला करतो तो लगेच दाखवतो.

सगळं घरी करायचं म्हटलं की माणूस पोळ्यांपाशी थकतो. एक किलो कणकेत 30 ते 35 पोळ्या होतात, म्हणजे घरची पोळी पैशात खूपच स्वस्त. पण नवशिकीला कणीक मळून सहा पोळ्या लाटून ओटा पुसेपर्यंत पाऊण तास लागतो. हा पाऊण तास रात्री आठनंतरचा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: पोळ्या केंद्रातून आणा, बाकीचं घरी करा. स्टेशनहून येताना किंवा घराजवळ उतरताना चार पोळ्या घेणं म्हणजे वाट वाकडी करणंही नाही. भाजी मात्र तिथली रोज घेऊ नका. तेल जास्त, आणि बटाट्याला उसंत नाही.

घरी काय? ज्याला कुकर पुरतो ते. घरात शिरल्या शिरल्या, पर्स खाली ठेवण्याआधी, तळाच्या भांड्यात अर्धी वाटी तूरडाळ पाणी, हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालून, वरच्या भांड्यात एक वाटी तांदूळ दोन वाट्या पाण्यात. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. कुकरची वाफ जिरेपर्यंत आंघोळ होते. एकूण अर्धा तास, त्यात हाताचं काम पाच मिनिटांचं. वरणाला गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा घातला की आमटी. कंटाळा असेल तर नुसतं साधं वरण, भात, तूप, लिंबू. माझ्या दृष्टीने यापेक्षा चांगलं रात्रीचं जेवण नाही.

दुसऱ्या दिवशी पिठलं. अर्धी वाटी बेसन दीड-दोन वाट्या पाण्यात आधीच गुठळ्या मोडून कालवायचं, मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची फोडणी, त्यावर ओतून ढवळत राहायचं. दहा मिनिटं. आणलेली पोळी, पिठलं, कच्चा कांदा.

तिसऱ्या दिवशी उसळ. मटकी शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी फडक्यात बांधायची, ठाण्याच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मोड येतात. फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहते. उन्हाळ्यात मात्र बांधून विसरू नका, आंबूस होते.

चौथ्या दिवशी मुगाची खिचडी, आणि एक दिवस भाजणी असेल तर थालीपीठ. भाजी चिरण्याचा वेळ वाचवायला ठाणे स्टेशनबाहेर निवडलेल्या पालेभाज्या, सोललेला मटार मिळतो; गर्दीच्या गाडीत बायका गवार मोडत, मेथी निवडत येतात ते उगाच नाही. चिरलेली भाजी घेतली तर घरी आल्यावर धुऊन त्याच रात्री शिजवा.

भांड्यांचं शेपूट लहान करता येतं: कुकरच्याच भांड्यात आमटीला फोडणी द्यायची. एक कुकर, एक कढलं, एक ताट. एकटीने करायला हे जमतं. घरात चौघं असती तर मी पोळ्या करणाऱ्या बाई लावायला सांगितलं असतं. दोघींत मिळून फ्लॅट असेल तर एकीने कुकर आणि एकीने भांडी.

दुपारचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. ऐरोलीतल्या ऑफिसच्या कँटीनचं जेवण तिला पचत नव्हतं, म्हणून रात्रीची उसळ थोडी जास्त करून ती लगेच फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी उकळून नेते. भात नेत नाही, तो रात्रीच संपेल इतकाच लावते.

आता ऑक्टोबर येईल. तिच्या चुलतभावाचं लग्न डिसेंबरात आहे आणि साडी ती ॲपवर बघते आहे. साडी बघ, पण घ्यायला शनिवारी माझ्याबरोबर चल, असं सांगितलं आहे. पदराचा पोत आणि काठाचं वजन खांद्यावर टाकल्याशिवाय कळत नाही. आणि ब्लाउज नवरात्राच्या आधी शिवायला टाकायचा. त्यानंतर आमच्या नौपाड्यातले शिंपी दिवाळीपर्यंत नवीन काम घेत नाहीत. शिंप्याला म्हणावं, दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा.