अळवावरचं पाणी दाखवून गेले: 'नॅनो' वॉटरप्रूफिंग, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव देणार नाही आणि कॉन्ट्रॅक्टरचं पण नाही, मला कुणाशी भांडत बसायचं नाही आणि खरं सांगायचं तर अर्धं काम त्यांनी नाद खुळा केलंय. वांदा उरलेल्या अर्ध्याचा आहे. म्हणून स्टार पण दोन वेगवेगळे देतोय, बाहेरच्या भिंतीला 4, आतल्या भिंतीला 0, ॲव्हरेज काढू नका.

घर आमचं कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदीकडच्या अंगाला. खालचा मजला आजोबांच्या काळचा, काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा, विटांच्या मधे चुना आणि काही ठिकाणी नुसती माती, आणि वडिलांनी नंतर त्या सगळ्यावर सिमेंटचा गिलावा मारून घेतलेला. 2019 च्या पुरात हॉलमध्ये कमरेएवढं पाणी, 2021 ला परत. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका, पण आमच्याकडं 39 ऐकलं की गाद्या आणि टीव्ही माडीवर जातात, 43 ची वाट कोण बघतंय. पूर ओसरतो पण भिंतीतली ओल काय जात नाही. हॉलच्या भिंतीला खालून तीन फुटापर्यंत दरवर्षी लोणा येतो, पांढरी भुकटी, हात लावला की रंग हातात. आणि पश्चिमेची बाहेरची भिंत जून ते सप्टेंबर नुसता मार खाते, तिच्या आतल्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास.

तर मे 2024 मध्ये हा माणूस आला. बॅगेतून एक वीट काढली, अर्ध्या विटेला त्यांचं केमिकल लावलेलं, अर्धी कोरी. बाटलीतलं पाणी ओतलं. कोऱ्या बाजूनं पाणी गटागटा पिऊन टाकलं, दुसऱ्या बाजूला थेंबांच्या गोट्या झाल्या आणि टपटप खाली घरंगळल्या, खाली फरशी ओली, वीट कोरडी. आम्ही सगळे बघतच बसलो. आई आतून आली, म्हणाली, "अगं बाई, हे तर अळवावरचं पाणी." त्याला वाटलं कौतुक झालं, तो म्हणाला "बरोबर आजी, तीच टेक्नॉलॉजी". आईला काय म्हणायचं होतं ते आम्हाला दिवाळीत कळलं.

रेट बाहेरच्या भिंतीला 42 रुपये स्क्वेअर फूट, 620 फूट. आतल्या भिंतीला पुट्टीसकट 55, ती 240 फूट. होतात 39 हजार 240, घासाघीस करून 38 हजारात ठरलं. दोन पोरं आली, तीन दिवस काम. कॅन उघडला तर आत दुधासारखं पांढरं, मला वाटलं पातळ डिस्टेंपर आहे. भाची शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करते, फिजिक्स, ती त्यावेळी घरी होती, तिनं कॅनवरचं वाचून सांगितलं की मामा हे सिलेनचं इमल्शन आहे, सिलेन म्हणजे सिलिकॉनवालं एक केमिकल, त्या तेलकट सिलेनचे बारीक बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेत, दुधात साय विखुरलेली असती तसं, थेंब बारीक म्हणून उजेड पसरतो आणि पांढरं दिसतं. 'नॅनो' म्हणजे एवढंच, जादू काय नाही. भिंतीत मुरलं की पाणी उडून जातं, सिलेनचा एक हात विटेतल्या सिलिकाला, म्हणजे वाळूत असतं त्या पदार्थाला, घट्ट धरतो आणि दुसरा हात, जो पाण्याला नको म्हणतो, तो बाहेर राहतो. रंगासारखा थर बसत नाही, भोकं उघडीच राहतात, फक्त भोकांच्या भिंती पाण्याला परक्या होतात. वाफ जाते, पाणी आत येत नाही. हे ऐकून मला तर माणूस सोन्याचा वाटला.

आता बाहेरच्या भिंतीचं सांगतो. दोन पावसाळे झाले, कपाट कोरडं, वास गेला, भिंत काळी पडायची ती पडली नाही. भाचीनं नुसतं बघून सोडलं नाही, मोबाईलला पन्नास रुपयाची भिंग लावून थेंबाचा बाजूनं फोटो काढला आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कोन मोजला. थेंब भिंतीला जिथं टेकतो तिथं जो कोन होतो तो. 90 च्या आत असला तर पाणी पसरतं, भिंत भिजती, 90 च्या वर गेला तर थेंब आखडून बसतो, 150 च्या वर गेला की अळूचं पान, नुसतं तिरकं केलं तरी पळतो. आमच्या भिंतीवर काम झाल्या झाल्या 128 आला, दुसऱ्या पावसाळ्यानंतर 104. मी म्हटलं, म्हणजे उतरलं की सगळं. ती म्हणाली थांब, आणि पिस्टन काढलेली इंजेक्शनची नळी भिंतीला एम-सीलनं चिकटवून पाणी भरून ठेवलं. केमिकल न लावलेल्या कोपऱ्यात दहा मिनिटांत 4 मिली गेलं, लावलेल्या जागी वीस मिनिटांत पाव मिली पण नाही. म्हणजे वरचा वरचा भाग ऊन आणि धुळीनं मेला, थेंबाच्या गोट्या आता होत नाहीत, पण आत काही मिलीमीटरवर काम चालू आहे. हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण पुष्कळ लोक एका वर्षात गोट्या दिसेनात म्हणून परत पैसे घालतात, आणि कॉन्ट्रॅक्टर पण घेतात.

अळूच्या पानाचं आणि भिंतीचं एक नाही हेही तिच्याकडूनच कळलं. गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही भारी केमिकल लावा, कोन 120 च्या आसपास थांबतो. पुढचं सगळं खरबरीतपणाचं काम. कमळाच्या आणि अळूच्या पानावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात, त्यांच्यावर अजून बारीक मेणाचे कण, आणि थेंब त्या टोकांवर हवेच्या गादीवर बसतो, पानाला नीट टेकतच नाही. जर्मनीतल्या बार्टलॉट आणि नाइनहाउस यांनी 1997 मध्ये हे नीट मांडलं, हवेच्या गादीचं गणित तर त्याच्या आधी कॅसी आणि बॅक्स्टर यांनी 1944 लाच लिहून ठेवलेलं. आणि आपल्याला माहीत नसतं पण हे काम आपल्या गावात झालंय. विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटात ए. वेंकटेश्वर राव सरांची एअर ग्लास लॅबोरेटरी, तिथं एरोजेल करायचे, म्हणजे आत नव्वद टक्क्यांच्या वर नुसती हवा असलेला सिलिका. सिलेनचाच एक प्रकार वापरून त्यांनी पाणी न शिवणारा एरोजेल केला, 2003 च्या पेपरात 173 पर्यंत कोन दिलाय, आणि 2006 मध्ये वाकणारा, स्पंजासारखा दाबला जाणारा एरोजेल जर्नल ऑफ कोलॉइड अँड इंटरफेस सायन्समध्ये छापून आला. मी सायबर चौकातनं रोज जातो, मला काय माहीत आत काय चाललंय. आपण तांबडा-पांढऱ्यावर तासभर बोलतो आणि याच्यावर एक मिनिट नाही.

असो. आता रडगाणं.

आतली भिंत. जून गेला, जुलै गेला, भिंत मस्त पांढरीशुभ्र, बायको म्हणाली पैसे वसूल. ऑगस्टात फरशीपासून दीड फुटावर एक फुगा आला, पापडासारखा. मग दुसरा. दिवाळीच्या साफसफाईत आईनं केरसुणी लावली तर भाकरीएवढा पोपडा पुट्टी आणि गिलाव्यासकट खाली. मागं बघतो तर पांढऱ्या बारीक सुया, कापसासारख्या, लोणाच, पण आधी बाहेर भुकटी यायची ती आता आत दाबून भरलेली. आधी नुसता रंग जायचा, आता गिलावा गेला. म्हणजे 13 हजार देऊन भिंत आधीपेक्षा वाईट करून घेतली.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला नळाचं लिकेज असंल. प्लंबर आणून दाखवला, लिकेज नाही. मग म्हणाला "सर, तुमच्या भिंतीतच पाणी आहे". अरे बाबा, म्हणूनच तर तुला बोलावला होता! मग गॅरंटी कार्ड काढून बघितलं, दहा वर्ष मोठ्या अक्षरात आणि खाली मुंगीच्या अक्षरात, जमिनीतून चढणारी ओल गॅरंटीत धरली जाणार नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. राग त्याचा आहे. न जमणारं काम नाही म्हणायला काय जातं? आणि आठवलं, काम चालू असताना त्यातलं एक पोरगं मला हळूच म्हणालं होतं, "काका, आतल्याला नका करू, त्यो येगळा आजार हाय." मी म्हटलं तू लाव गप. चूक माझी पण आहे.

वेगळा आजार म्हणजे काय ते भाचीनं पाटावर बसून समजावलं. बाहेरच्या भिंतीवर पाणी थेंब म्हणून बाहेरून येतं, त्याला दारातच अडवायचं. आतल्या भिंतीत पाणी खालून, जोत्यातून, विटेच्या बारीक भोकांतून वर चढतं, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढायचं तसं. भोक जेवढं बारीक तेवढं पाणी जास्त वर. एक मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत नुसत्या हिशोबानं ते 14-15 मीटर चढू शकतं, म्हणजे आमचं घर संपून वर अजून दोन मजले. प्रत्यक्षात तेवढं चढत नाही कारण वाटेत भिंतीच्या तोंडातून ते उडून जातं, चढणं आणि उडणं जिथं बरोबरीत येतं तिथं ओलीची रेघ थांबते, आमच्याकडं ती तीन फुटाला. आणि हे पाणी काही बिसलेरी नाही, त्यात जमिनीतले, विटांतले, पुराच्या घाणीतले क्षार विरघळलेले. पाणी उडतं, क्षार तिथंच राहतात. आधी पाणी भिंतीच्या तोंडावर येऊन उडायचं म्हणून लोणा बाहेर दिसायचा, घाण दिसायची पण झाडून जायची. आता वरच्या काही मिलीमीटरना पाणी परकं झालं, द्रव पाणी तिथपर्यंत येईना, त्या थराच्या मागंच थांबून वाफ होऊन जाऊ लागलं, आणि क्षाराचे खडे थराच्या मागं भोकांत वाढत बसले. खडा वाढला की भोक फोडतो. वाफ जाते हा जो गुण बाहेर सोन्याचा होता तोच आत उलटला. एकच कॅन, एकच ब्रश, दोन भिंतींच्या मधे नऊ इंचाचं अंतर नसंल.

तर घ्यायचं असंल त्यांनी वीट बघून भुलू नका. विटेवरचा थेंब म्हणजे शोरूममधली गाडी. पहिलं, ओल बाहेरून येती का खालून ते बघा, खालून असंल तर रेघ फरशीला समांतर असते आणि उन्हाळ्यात पण पूर्ण वाळत नाही. भेग असंल तर हे चालणार नाही, भेग आधी भरून घ्या, तळं साचणाऱ्या गच्चीवर पण नाही, उभं पाणी दाब देतं. भिंत पूर्ण वाळलेली पाहिजे म्हणून मे मध्येच, वळीव येऊन गेला असला तर आठवडाभर थांबा. आणि लावलेल्या विटेवर निरम्याचं पाणी टाकून बघा, साबणानं पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून धरणारी ओढ, निम्म्याच्या खाली येतो आणि थेंब लगेच पसरतो, म्हणजे भिंत साबणानं धुवायची नाही हेही कळतं. आमच्या माणसाला असं कुणी विचारलेलं नव्हतं, मी पण नाही.

अजून एक, कॅनमध्ये फ्लोरीनवालं काही आहे का विचारा. ते तेलाला पण अडवतं म्हणून भारी सांगतात पण ती केमिकल निसर्गात मोडत नाहीत, युरोपात 2023 ला त्या सगळ्या कुळावरच बंदीचा प्रस्ताव आलाय, आणि आपल्या भिंतीचं पाणी शेवटी पंचगंगेलाच जातं. साधं सिलेन किंवा त्याच्याच कुळातलं सिलोक्सेन भिंतीला पुष्कळ झालं. अळूच्या पानासारखी कायमची भिंत करून देतो म्हणणाऱ्याला सरळ चहा पाजून घालवा. त्या खरबरीत थराचा जगभरचा वांदा हाच की बोट घासलं की उंचवटे मोडतात, 2020 मध्ये नेचरमध्ये चीन आणि फिनलंडच्या लोकांनी बारीक खळग्यांची चौकट करून नाजूक भाग आत लपवायची युक्ती दाखवली, चिलखतासारखी, घासलं तरी पाणी पळतंय. छान आहे, पण ते काच आणि धातूवर प्रयोगशाळेत, आमच्या गल्लीत 42 रुपये फुटानं नाही.

पोरांच्या कामाबद्दल तक्रार नाही. वेळेवर आली, फरशीवर प्लास्टिक अंथरलं, खिडक्यांच्या काचा झाकल्या कारण काचेवर ते बसलं की निघत नाही. एकच खटकलं, कॅनवर स्वच्छ पाणी लिहिलेलं असताना पहिल्या दिवशी बोअरचं क्षारयुक्त पाणी घालायला निघाले होते, भाचीनं अडवलं. क्षारानं इमल्शनचे थेंब एकमेकाला चिकटून फाटू शकतं, लिंबू पिळलेल्या दुधासारखं. उरलेला अर्धा कॅन मी माळ्यावर ठेवला होता, आता बघितला तर खाली पाणी, वर तेलकट थर, हलवलं तरी एक होईना. ते वापरू नका. एक्स्पायरी छापलेली असते, कुणी वाचत नाही.

आतली भिंत परवापासून चार फुटापर्यंत पूर्ण खरवडायला घेतलीय, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा, आणि त्याआधी जोत्याच्या वरच्या ओळीत ओळीनं भोकं पाडून सिलेनचं क्रीम भरायचं, म्हणजे पाणी चढायची वातच कापायची. केमिकल तेच, जागा बरोबर. ते काम दुसऱ्याला दिलंय. हे काका-आतल्याला-नका-करू म्हणणारं पोरगं आता त्याच्याकडं असतं. वाळायला सहा महिने तर जातील, तोपर्यंत हॉलमध्ये विटा उघड्या आहेत आणि आईनं तिथं खुर्ची ठेवायला बंदी घातलीय.