एक पिशवी माती, पैसे दोनच चाचण्यांचे

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची मार्केट स्ट्रीट चायनाटाउन ४ मे १८८७ रोजी लावलेल्या आगीत जळाली. तिथे १९८० च्या दशकात नव्या बांधकामाच्या निमित्ताने खोदकाम झालं आणि कचऱ्याचे खड्डे सापडले. राहणारे बहुतेक चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले. अशा खड्ड्यातली माती हाती आली आणि पैसे दोनच चाचण्यांचे असले, तर कोणत्या करायच्या?

पहिली फ्लोटेशन, यात मला शंका नाही. माती पाण्यात ढवळली की जळकं बी तरंगतं. तळाचा गाळ बारीक चाळणीतून काढायचा. कारल्याची बी, चिनी ऑलिव्हची आठळी अशा वस्तू थेट ओळखता येतात. मोठ्या जाळीतून निसटणारे माशांचे काटे-खवलेही इथेच हाती लागतात. पालेभाजीचा मात्र मागमूस राहत नाही.

दुसरीसाठी बहुतेकांचा हात फायटोलिथकडे जातो, कारण प्रश्न भाताचा असतो. वनस्पतींच्या पेशींत साठणारे हे सिलिकाचे सूक्ष्म कण आगीतही टिकतात खरे, पण भाताची खूण पटवणारे कण मुख्यतः तुसात आणि पानात असतात. तूस काढलेला तांदूळ पोत्यांतून आला असेल, तर रोज दोन वेळा भात खाणाऱ्या घराच्या खड्ड्यातही ते जेमतेम सापडतील. ‘फायटोलिथ नाहीत म्हणजे भात नव्हता’ असं लिहून मोकळं होऊ नका. पिष्टकणांचंही (स्टार्चच्या कणांचंही) तेच: तांदळाचे कण अतिशय बारीक, आणि शिजले की फुगून आकार गमावतात.

परागकण भाज्या-मसाल्यांना चिकटून येतात, तसेच वाऱ्यानेही येतात. म्हणून खड्ड्याबाहेरची माती तुलनेला हवीच. तिचा खर्च आधीच धरा.

खड्डा शौचकूपाचा असेल तर दुसरी चाचणी म्हणून माझं मत पोटातल्या कृमींच्या अंड्यांना. फक्त एक सांभाळा: यकृतात राहणाऱ्या चिनी पर्णकृमीला वाढायला आशियातल्या ठरावीक गोगलगायी लागतात. त्याची अंडी अमेरिकेत मिळाली, तर तो माणूस मायदेशी असताना गोड्या पाण्यातला कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खात होता एवढंच कळतं. कॅलिफोर्नियातल्या ताटाबद्दल काही नाही.

स्वयंपाकघराचा कचरा असेल तर फ्लोटेशन आणि पराग. पैसे तीन चाचण्यांचे असले, तर एका खड्ड्यावर तिन्ही करण्यापेक्षा तीन खड्ड्यांवर फ्लोटेशन करा. स्टॅनफर्डच्या बार्बरा व्हॉस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या एकाच वस्तीतल्या लोकांच्या वनस्पतिजन्य खाण्यातही फरक दिसला आहे.