म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: संसाराला काय घ्यावं, काय घेऊ नये

घर नव्याने लावायचं असो वा पावसाळ्याआधी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या खरेदीला निघायचं असो, गोव्यातल्या बार्देश तालुक्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराइतकी सोय दुसरीकडे नाही. पण इथे सगळंच घेण्यासारखं आहे असं मात्र नाही. जी वस्तू बोटाने, कानाने, डोळ्याने पारखता येते ती इथून खुशाल घ्यावी. जिचा दोष पोटात दडलेला असतो, तिला पक्की पावती देणारं दुकानच बरं.

आधी मडकी. हुमणाला, म्हणजे आपल्या माशाच्या आमटीला, मातीचं कुंडलं (रांधायचं मडकं) हवंच, कारण कोकमाच्या आंबटाने ते बिघडत नाही. ॲल्युमिनियमला मात्र आंबट चालत नाही. भांडं तळहातावर मोकळं तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर भाजणी पक्की. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे किंवा माती कच्ची राहिली आहे. मग आत तोंड घालून भांडं उन्हाकडे धरा आणि काठावरून अंगठा फिरवा. गॅसवर ठेवायचं असेल तर बूड चपटं बघा. गोल बुडाचं चुलीच्या तीन दगडांवर छान बसतं, शेगडीवर कलंडतं. रंगवलेली, चकचकीत लेपाची मडकी शोभेला ठेवा, रांधायला नको. त्या रंगात शिसं असू शकतं.

घरी आणल्यावर भांडं २४ तास पाण्यात बुडवून ठेवायचं. मग पाऊण भांडं तांदळाची पातळ पेज मंद आचेवर अर्धा तास उकळायची आणि त्यातच पूर्ण गार होऊ द्यायची. पेजेची खळ मातीच्या बारीक भोकांत बसते आणि झिरपणं थांबतं. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा. मडकी तडकतात ती बहुतेक दोन कारणांनी: मोठ्या जाळावर नुसतं मधलं बूड तापतं आणि कड थंड राहते, किंवा तापल्या भांड्यात कोणीतरी गार पाणी ओततं. साबण लावू नका, माती तो पिऊन घेते आणि पुढच्या आमटीत सोडते. राख आणि काथ्या पुरे.

विळी, म्हणजे आपली आडोळी, ही इथली सर्वांत निगुतीने पारखायची वस्तू. सपाट जमिनीवर ठेवून फळीचे चारही कोपरे आळीपाळीने दाबा. जरा जरी डुगडुगली तर सोडून द्या, कारण नारळ खवताना सगळा भार पुढे येतो आणि हात पात्यावर जातो. मग पातं धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. नुसता खिळा ठोकलेलं पातं पहिल्या वर्षीच ढिलं होतं: पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि खिळ्याचं भोक मोठं होतं. आरपार रिवेट किंवा नट-बोल्ट असेल तीच घ्यावी. खवणीचे दात एकसारखे आणि आखूड असावेत. लांब दातांनी करवंटीलगतची तपकिरी साल खरवडून येते आणि रस काळपट होतो. लोखंडी पातं गंजतं हे खरं, पण धार उत्तम घेतं. खवून झालं की धुऊन, कोरडं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की झालं.

सूप आणि पाटल्या, म्हणजे बांबूच्या टोपल्या, घेताना विणीच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर कीड आत आहे, आणि ती घरातल्या इतर बांबूंनाही लागते. हिराचा खराटा मुठीत दाबून बघावा, घट्ट असला की घ्यावा.

स्टीलची भांडी मात्र ढिगातून उचलू नका. पुष्कळजण लोहचुंबक घेऊन येतात, पण त्याने फारसं कळत नाही. ३०४ आणि २०२ या स्टीलच्या दोन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत टिकायचा फरक नेमका या दोन्हींतच आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून किनाऱ्याजवळच्या घरांत त्यावर लवकर तांबूस ठिपके पडतात. जात भांड्यावर कोरलेली आणि पावतीवर लिहिलेली असेल तरच जास्तीचे पैसे द्या. कुकरवर आयएसआय खूण हवी. गॅसची नळी तर रस्त्यावरून कधीच घेऊ नये. ती आयएसआय खुणेची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि वर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी बदलायचीच.

भावात घासाघीस चालते, पण कुंभाराच्या मडक्याला ओढून धरू नये. त्या किमतीला एवढी मेहनत दुसऱ्या कुठल्या वस्तूत मिळत नाही. सकाळी लवकर गेलात तर निवडायला भरपूर मिळतं. मडकी मात्र सगळ्यांत शेवटी घ्या, मध्ये पेंढा किंवा जुनं कापड घालून एकात एक बसवा, आणि बसमध्ये पायाशी न ठेवता मांडीवर घ्या.