डबा की अंगावरचं दूध: सोलापुरात राहून ठरवताना

आमच्या घरात दोन्ही प्रकार झाले आहेत. थोरली तिसऱ्या दिवशीच डब्यावर, म्हणजे डब्यातल्या दूध पावडरीवर गेली. धाकटा सहा महिने फक्त अंगावरच्या दुधावर राहिला. त्यामुळे ओळखीत कुणाकडे बाळंतपण आलं की माझ्याकडे विचारणा होते, आणि विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो, कारण डबा आणायला औषधाच्या दुकानात तोच जातो. मी डॉक्टर नाही. डोळ्यांनी पाहिलं आणि नंतर वाचून समजून घेतलं तेवढंच इथे लिहितो.

दुकानाच्या फळीपासूनच सुरू करतो. आपल्याकडे १९९२चा कायदा आहे आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूध पावडरीची, बाटलीची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो चालत नाही आणि आईच्या दुधासारखं असल्याचं सुचवणारे ‘ह्युमनाइज्ड’सारखे शब्दही चालत नाहीत. उलट, आईचं दूध सर्वोत्तम असल्याचं ठळक अक्षरांत छापावं लागतं. म्हणून उघड तुलना तिथे सापडत नाही. ती घटकांच्या नावांतून येते. डीएचए हे मेदाम्ल, एचएमओ ही साखर, व्हे आणि केसिन ही दुधातली दोन प्रथिनं ६०:४०. यातलं प्रत्येक नाव आईच्या दुधातल्या कशाचं तरी आहे. ‘म्हणजे जवळजवळ तेच की’ हे उरलेलं वाक्य आपण मनात म्हणतो. थोरलीच्या वेळी मीही तेच म्हणालो होतो.

हे घटक खोटे नाहीत. गाईच्या दुधात व्हे साधारण २० आणि केसिन ८० असतं, ते बाळाला जड जातं, म्हणून पावडरीत प्रमाण बदलून ६०:४० करतात. चांगलंच आहे. पण प्रथिनं गाईचीच राहतात. शिवाय आईच्या दुधात हे प्रमाण एका जागी थांबत नाही. चिकाच्या दुधात व्हे बरंच जास्त असतं आणि पुढे ते उतरत जातं. ६०:४० हा त्या प्रवासातला एक थांबा आहे.

एचएमओ ही आईच्या दुधातली खास साखर. बाळाला ती पचत नाही. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं ते खाद्य. तिचे दीडशेहून जास्त प्रकार सापडले आहेत. पावडरीत त्यातले एक-दोन, फार तर मोजके, कारखान्यात जंतूंकडून बनवून घातलेले असतात. डब्यावर मात्र ‘एचएमओ’ एवढंच दिसतं. डीएचएने मेंदूला फायदा होतो का, याचा पूर्ण दिवसांच्या बाळांवरच्या प्रयोगांवरून कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. ठाम फायदा दिसला नाही. २०२३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १५ देशांतल्या डब्यांवरच्या दाव्यांची तपासणी आली, त्यात भारतही होता. दावे करणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश उत्पादनांनी त्यासाठी एकही वैज्ञानिक संदर्भ दिलेला नव्हता.

तरीही माझा निर्णय घटकांवरून झाला नाही. तो पाण्यावरून झाला.

थोरली एप्रिलमधली. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, आणि पाणी कधी येणार हे विचारतच अख्खी गल्ली जागी असायची. उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, सोलापूरकराला पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. जमिनीखालची टाकी, तिथून गच्चीवरची टाकी, तिथून स्वयंपाकघरातला पिंप. चौथ्या दिवशी पिंपाच्या तळातलं पाणी पातेल्यात ओतताना हात थांबायचा. ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण ३ लिटर दूध होतं आणि तीन महिन्यांची थोरली दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास प्यायची. म्हणजे डबाही चार दिवसांनी संपायचा. तो पुन्हा आणायचा, पाण्याची वाट बघायची, याच फेऱ्यात ते महिने गेले.

रात्री अडीच वाजता बाळ उठायचं. पातेलं गॅसवर, पाण्याला उकळी, मग ते निवायची वाट. आमच्या डब्यावर पाणी कोमट करून पावडर घाला असं लिहिलं होतं, तसं मी महिनोन्‌महिने केलं. दूध पावडर निर्जंतुक नसते हे मला फार उशिरा कळलं. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि तान्ह्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनात पाणी ७० अंशांखाली जायच्या आत पावडर घालायला सांगितलं आहे. दूध मग निववायचं आणि दोन तासांत वापरायचं, राहिलं तर टाकून द्यायचं. कोमट आणि ७० अंश यांत किती अंतर आहे ते गॅससमोर उभं राहिलेल्या माणसालाच कळतं. ४२ अंशांच्या मे महिन्यात तर दोन तासही लांबचे वाटायचे.

मे महिन्यात थोरलीला दोनदा जुलाब झाले. ते पाण्यानेच झाले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, उन्हाळ्यात कशानेही होतात. पण दोन्ही वेळा डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच होता: पाणी कुठलं वापरता?

तिथे मला डब्यावरच्या तुलनेतली खोट दिसली. तुलना असते ती पावडरीची. बाळ पितं ते पावडर अधिक आपल्या टाकीतलं पाणी अधिक रात्री अडीचच्या हातांची स्वच्छता. आईच्या दुधातही जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, पण ते तिच्या अंगातून गाळून येतं, त्याला ना उकळी लागते ना नळाची वेळ. म्हणून सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला सोलापूरच्या उन्हातही वरून पाणी लागत नाही. धाकट्याच्या वेळी हे माझ्या आईला पटवायला मला बरेच दिवस लागले. ‘लेकराचा घसा कोरडा पडंल’ म्हणत ती चमचा घेऊन बसायची. तिच्या मायेला काय उत्तर देणार? शेवटी दिवसाला सहाच्या वर ओली लंगोटं मोजून दाखवली, तेव्हा ती निवांत झाली.

आता डब्याच्या बाजूने. रात्रीची पाळी मला घेता येत होती, बायकोला सलग चार तास झोप मिळत होती. सिझेरियनच्या टाक्यांवर ही मदत लहान नाही. धाकट्याच्या वेळी स्तनांना चिरा पडल्या, दिवसातून दहा-बारा वेळा पाजणं, त्यातलं काहीच मला वाटून घेता आलं नाही. मी फक्त हळिवाची खीर आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवत होतो. अंगावरचं दूध फुकट असतं असं पुरुषांनी म्हणू नये. त्याची किंमत बाई झोपेने मोजते.

मग थोरली डब्यावर गेलीच कशी? दूध नव्हतं म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी ती रडत होती, पान्हा फुटायला वेळ लागत होता, घरातली मंडळी ‘वरचं दूध लावा’ म्हणत होती आणि दवाखान्यातून निघताना फाईलला लावलेल्या चिठ्ठीवर एका डब्याचं नाव आयतं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसांत एका वेळेला चमचा-दोन चमचे चीकच येतो आणि बाळाला तो पुरतो, हे कुणी बोललं नाही. वरचं दूध सुरू झालं तशी बाळाची ओढ कमी झाली, ओढ कमी तसं दूध कमी, आणि महिन्याभरात ‘हिला दूधच नव्हतं’ ही गोष्ट घरात कायमची बसली. माझ्या बायकोने ती किती वर्षं मनात वागवली ते मला माहीत आहे. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या लेखमालेत हेच मांडलं आहे: रडणं, कमी झोपणं, प्यालेलं दूध थोडं बाहेर टाकणं या तान्ह्याच्या साध्या वागण्याला तक्रार ठरवून डबा पुढे केला जातो. वाचताना आमचंच घर समोर आलं.

दुसऱ्यांदाही सिझेरियनच झालं. फरक एवढाच की यावेळी एका जुन्या सिस्टरने अर्धा तास बसून पकड शिकवली: नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. पहिले दोन दिवस चीक स्टीलच्या वाटीत पिळून चमच्याने पाजला. चौथ्या दिवशी दूध उतरलं. दहाव्या-बाराव्या दिवशी बाळ जन्माच्या वजनावर परत आलं. डब्याचा विषयच निघाला नाही.

काही घरांत डबा लागतोच, आणि तिथे संकोचाचं कारण नाही. आईवर केमोथेरपी चालू असेल, बाळ दत्तक घेतलेलं असेल, वजन खरंच घसरत असेल आणि डॉक्टरांनी मोजून सांगितलं असेल तर डबा हाच आधार, आणि रतिबाच्या म्हशीच्या दुधात पाणी घालून पाजण्यापेक्षा तो कितीतरी बरा. बायको कामावर परतणार असेल तर आधी पिळून ठेवलेल्या दुधाचा विचार करा. फ्रीजमध्ये ते चार दिवस राहतं. बाहेर चार तास म्हणतात, पण ते २५ अंशांच्या खोलीत, आपल्या मे महिन्यात नाही. वीज जाऊन फ्रीज तापला की आम्ही ते दूध ओतून द्यायचो, आणि पिळणारीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

डबा घेणार असाल तर एक करा. नळाला पाणी येईल त्या दिवशी सगळ्यात आधी बाळाचं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात भरा, तरीही दर वेळी उकळा आणि वाफा निघत असतानाच पावडर घाला. चमचा सपाट, कंपनीने सांगितला तेवढाच. डबा पुरवायचा म्हणून कमी पावडर घालून पातळ दूध पाजलेलं मी शेजारीच पाहिलं आहे. ते लेकरू पोट भरूनही उपाशी राहायचं.