निकॉन ५० एमएम १.८ डी: फ्लॅशवर काम करणाऱ्यांनी घ्यावी का?

निकॉनची एएफ ५० एमएम एफ १.८ डी शार्प आहे का, बोके म्हणजे मागचा धूसरपणा कसा येतो यावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण फ्लॅश ऑटोवर म्हणजे टीटीएलवर टाकला की ही लेन्स कशी वागते ते कुणी नीट सांगत नाही, आणि लग्न, हळद, मुंज, बारसं करणाऱ्यांना लेन्स घेताना पहिला प्रश्न हाच पडायला पाहिजे. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्रीचं रिसेप्शन म्हणजे वर मोकळं काळं आकाश, बाउन्स करायला म्हणजे उजेड कशावर तरी आपटून माणसावर आणायला ना छत ना भिंत, फ्लॅश सरळ माणसावरच मारावा लागतो, आणि तिथे लेन्स कॅमेऱ्याला किती माहिती देते यावर फोटो बनतो नाहीतर बिघडतो. माझी बॉडी म्हणजे कॅमेरा डी ७२००, फ्लॅश एसबी ७०० आणि जोडीला गोडॉक्स टीटी ६८५ एन, तर खालचं सगळं या सेटवर वापरून बघितलेलं आहे.

आधी टीटीएल कसं चालतं ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. निकॉनची आत्ताची पद्धत आय-टीटीएल, ती २००३ साली डी २ एच आणि एसबी ८०० बरोबर आली. बटण दाबलं की मेन फ्लॅशच्या आधी एक बारीक प्री-फ्लॅश जातो, तो समोरच्या माणसावरून परत लेन्समधून आत येतो, कॅमेऱ्याचा मीटर तो मोजतो आणि मग किती पॉवर सोडायची ते ठरतं. हे इतकं पटकन होतं की आपल्याला एकच फ्लॅश दिसतो (काही लोकांचे प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले येतात ना, ते बऱ्याचदा या प्री-फ्लॅशमुळे). आता महत्त्वाचं हे की डीएसएलआरमध्ये ही मोजणी होते तेव्हा लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं असतं. तुम्ही एफ ८ लावलंय (आकडा मोठा तितकं भोक लहान) पण मोजताना लेन्स १.८ वरच असते, म्हणजे कॅमेऱ्याला दोन्ही आकडे माहीत पाहिजेत, लेन्स जास्तीत जास्त किती उघडते आणि फोटो प्रत्यक्षात कितीवर निघणार आहे, तरच हिशोब जुळतो. ही माहिती माउंटवरच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या बाजूच्या, सोनेरी ठिपक्यांमधून येते. लेन्सला ते ठिपके नसले तर कॅमेरा अंदाजावर.

आणि डी लेन्स अजून एक गोष्ट सांगते, फोकस किती अंतरावर आहे ते. निकॉनने हे १९९२ मध्ये एफ ९० बरोबर सुरू केलं, फिल्मच्या जमान्यात, आणि आजही ते लग्नाच्या फोटोत उपयोगी पडतंय.

याचा उपयोग कुठे दिसतो ते सांगतो. आजकाल स्टेजच्या मागे आरसेकामाचा नाहीतर चकचकीत सोनेरी बॅकड्रॉप लावायची फॅशन आहे. डायरेक्ट फ्लॅश मारला की प्री-फ्लॅश त्या आरशांवरून भपकन परत येतो, मीटरला वाटतं झाला की उजेड, पॉवर कमी करतो आणि नवरा-नवरी अंधारात, मागचे आरसे मात्र लखलखीत. उलटा प्रकार काळाराम मंदिराच्या बाहेर, मागे सगळा काळा दगड, फ्रेममध्ये माणूस छोटा, मीटरला सगळं काळंच दिसतं मग तो पॉवर वाढवतो आणि चेहरा पांढरा फटक. आता कॅमेऱ्याला जर माहीत असलं की माणूस साडेतीन मीटरवर उभा आहे, तर त्याला ताळा करता येतो. एसबी ७०० चा गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, अपर्चर गुणिले मीटरमधलं अंतर) आयएसओ १०० ला ३५ एमएम झूमवर २८ आहे, २८ ला ८ ने भागलं की साडेतीन, म्हणजे एफ ८ ला साडेतीन मीटरवर फुल पॉवर लागणार हे गणित ठरलेलं आहे, तिथे आरसा असो नाहीतर काळा दगड. मीटर म्हणतोय अगदी थोडी पॉवर पुरे आणि अंतर म्हणतंय बरीच लागेल, तर काहीतरी गडबड आहे हे कॅमेऱ्याला कळतं आणि तो मधला मार्ग काढतो.

मी घरात असलेली जुनी मॅन्युअल ५० एमएम (एआय-एस, म्हणजे ठिपके नसलेली, अंतर न सांगणारी) आणि ही डी, दोन्ही एकाच जागेवरून, त्याच अपर्चरला, त्याच आरशाच्या बॅकड्रॉपसमोर लावून बघितल्या. मॅन्युअलवर चेहरे सरळ सरळ काळवंडले, डीवर वापरण्यासारखे आले. परफेक्ट नाही म्हणणार, फ्लॅशवर प्लस ०.३ नाहीतर ०.७ द्यावाच लागला, पण नंतर एडिटमध्ये उचलताना नॉइज येत नाही इतपत नक्की बरोबर. नऊवारीतली करवली, तिच्या नथीवर आणि तन्मणीवर फ्लॅश पडलेला आणि तरी गालाचा रंग शाबूत, हे डीवर जास्त वेळा मिळतं. एक लक्षात ठेवा, फ्लॅशच्या स्क्रीनवर टीटीएल बीएल असं दिसायला हवं, बीएल म्हणजे फ्लॅश आणि मागचा उजेड यांचा तोल. मीटरिंग स्पॉटवर टाकलं, म्हणजे फक्त एका ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजायला लावला, की ते बीएल जातं, साधं टीटीएल राहतं. मागचं लायटिंग आणि माणूस दोन्ही जमवायचं असेल तर मॅट्रिक्सवर म्हणजे पूर्ण फ्रेम मोजणाऱ्या मीटरिंगवर राहा.

पण हे सगळं फ्लॅशचं डोकं सरळ समोर असेल तरच बरं का. डोकं वर केलं, बाउन्स केलं, की कॅमेरा अंतर धरतच नाही, आणि ते बरोबरच आहे कारण उजेड छतावर जाऊन फिरून येतोय, लेन्सने सांगितलेल्या अंतराचा त्याच्याशी संबंध राहत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावला तरी तेच. म्हणजे तुमचं बहुतेक काम पांढऱ्या पीओपी छताच्या हॉलमध्ये बाउन्सवर असेल तर अंतरासाठी म्हणून जास्त पैसे टाकू नका, ठिपके असलेली कुठलीही चांगली लेन्स चालेल. लॉन्स, गोदाघाट, मिरवणूक, वरात असं उघड्यावरचं काम असेल तर मात्र अंतर सांगणारीच लेन्स घ्या, यावर मी ठाम आहे.

आता बॉडीचं. या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर स्क्रूने फिरते. डी ७०००, ७१००, ७२००, ७५००, डी ६१०, डी ७५०, डी ८५० यांना ती मोटर आहे. डी ३००० आणि डी ५००० सिरीजला नाही, म्हणजे डी ३५००, डी ५६०० वर ऑटोफोकस होणार नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पोराला शहरातल्या एका दुकानात डी ५६०० साठी हीच लेन्स गळ्यात मारली, पोरगा दुसऱ्या दिवशी आला, "दादा, लेन्स डेड आहे, फोकसच होत नाही." लेन्सला काही झालेलं नव्हतं. मीटरिंग चालत होतं, फ्लॅश टीटीएल चालत होता, हाताने फोकस केला की अंतरही जात होतं, फक्त फोकस हाताने. पण लग्नात सात फेऱ्यांना हाताने फोकस कोण करणार? दुकानदाराने बॉडी विचारायलाच पाहिजे होती, आणि परत घ्यायलाही तयार नव्हता, ही गोष्ट मला अजिबात पटली नाही. डी ३००० आणि ५००० सिरीजवाल्यांनी एएफ-एस ५० एमएम १.८ जी घ्यावी. ती २०११ ची आहे, मोटर आतच आहे आणि अंतर तीही सांगते. निकॉनच्या जी, ई आणि डी या तिन्ही प्रकारच्या लेन्स अंतर सांगतात. नव्या झेड बॉडीवर एफटीझेड अॅडॅप्टर लावून डी लेन्स बसते पण त्यातही मोटर नाही, म्हणजे परत हाताने फोकस.

सेकंडहँड घेताना एक चकवा आहे. याच लेन्सचं जुनं मॉडेल, डी नसलेलं, बाजारात फिरतंय, दिसायला जवळपास सेम. ठिपके असतात, टीटीएल चालतं, ऑटोफोकसही होतो, फक्त अंतर सांगत नाही. लेन्सवर १.८ च्या पुढे डी अक्षर आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या, फोनवर "हो हो डीच आहे" यावर जाऊ नका.

मॅन्युअल लेन्सबद्दल पण सांगतो कारण फिल्मच्या काळातल्या स्टुडिओवाल्यांच्या घरी एआय-एस लेन्स कपाटात पडलेल्या असतात आणि काच खरंच सुंदर असते. डी ७२०० वर सेटअप मेनूत नॉन-सीपीयू म्हणजे ठिपके नसलेल्या लेन्सचा डेटा असतो, तिथे फोकल लेन्थ आणि मोठ्यात मोठं अपर्चर भरलं की मीटर चालतो, फ्लॅश टीटीएल पण चालतो, मोड मात्र ए (अपर्चर आपण ठरवायचं) आणि एम (सगळं हाताने) एवढेच, आणि अंतर नाही. डी ३५०० किंवा ५६०० वर तीच लेन्स लावली तर मीटर बंद, आय-टीटीएल बंद, फक्त एम मोड. त्या स्वस्त नवीन मॅन्युअल लेन्स येतात ठिपके नसलेल्या, त्यांचंही या बॉडीवर तेच. अशा लेन्सवर फ्लॅश हाताने सेट करायची तयारी असेल तर जरूर घ्या, गाईड नंबरला अंतराने भागायचं की अपर्चर मिळालं. नाहीतर स्वतःचा सेन्सर असलेला जुना ऑटो फ्लॅश वापरा, त्याला लेन्स कुठली आहे याच्याशी घेणंदेणं नसतं, आयएसओ आणि अपर्चर लावलं की तो स्वतःच मोजून बंद होतो. फक्त एक इशारा, फार जुने व्हिव्हिटार २८३ सारखे फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो ती जागा) दोनशे व्होल्टच्या वर व्होल्टेज देऊ शकतात, डिजिटल बॉडीवर मल्टीमीटरने तपासल्याशिवाय लावू नका.

कॅननवाल्यांसाठी इतकंच की त्यांचं ई-टीटीएल टू २००४ मध्ये आलं आणि तेही लेन्सने अंतर सांगितलं तर वापरतं, बाउन्सला सोडून देतं. आणि २०० डी मार्क टू असेल तर त्या बॉडीच्या हॉट शूला मधली पिनच नाही, साधे मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर पेटणारच नाहीत, लेन्सच्या आधी हे बघा.

परत आपल्या लेन्सवर. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. १.८ वर जरा मऊ येते, २.८ पासून छान. अपर्चरची पाती सात आणि सरळ, त्यामुळे मंडपातल्या माळांचे दिवे मागे सप्तकोनी दिसतात, जीमध्ये पाती गोलसर आहेत तिथे हे बरंच कमी. फोकस करताना घर्र आवाज येतो, व्हिडिओत तो ऐकू येणारच. ऑटोफोकस चालू असताना रिंग फिरते, तिला बोट लागू देऊ नका. आणि अपर्चर रिंग २२ वर नेऊन लॉक करायची, नाहीतर स्क्रीनवर एफईई दिसतं आणि फोटो निघत नाही, नवीन माणूस इथे हमखास घाबरतो.

जुनी घेत असाल तर दुकानातच ही टेस्ट करा, पाच मिनिटंही लागत नाहीत. कॅमेरा आणि फ्लॅश बरोबर न्या, फ्लॅश टीटीएलवर सरळ, एका माणसाला दोनेक मीटरवर उभं करा, आणि एकाच जागेवरून २.८, ५.६ आणि ११ वर फोटो काढा. तिन्ही फोटोत चेहऱ्याचा उजेड सारखा यायला पाहिजे. ११ चा फोटो जास्त उजळ आला तर समजायचं पात्यांवर तेल आलंय, ती वेळेत बंद होत नाहीत. कॅमेऱ्याने हिशोब ११ चा केलेला असतो आणि प्रत्यक्षात लेन्स जास्त उघडी राहते, म्हणून. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडा. फोटो मधेच काळा, मधेच पांढरा असा येत असेल तर ठिपके मऊ कोरड्या कापडाने पुसून परत बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जमतं. मागून मोबाईलचा टॉर्च मारून फंगस बघा, आपल्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला जाळी धरतेच.

मोटर असलेली निकॉन बॉडी आणि उघड्यावरचं काम असेल तर माझ्याकडून या लेन्सला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या सप्तकोनी दिव्यांसाठी आणि आवाजासाठी. २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडावर पहाटेच्या अंधारात काम करायची ज्यांची तयारी चालू आहे त्यांनी आत्ताच शोधून ठेवा, चांगल्या कंडिशनची मिळाली तर जीपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडते. फिल्टर ५२ चा लागतो, जीला ५८ चा, दोन्ही वापरणार असाल तर ५८ चाच घ्या आणि डीसाठी एक स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर छोट्या लेन्सवर बसवणारी) घेऊन टाका.