एमएलएच-१ अँटीबॉडी दोन वर्षं वापरून: काम एकदम छान, पण लॉट नंबर बघूनच घ्या

उंदराच्या वृषणातल्या पेशींचे स्प्रेड करायचे (पेशी काचेवर पसरवायच्या, म्हणजे क्रोमोसोम सुटे दिसतात) आणि क्रॉसओव्हर, म्हणजे शुक्राणू बनताना जोडीतल्या क्रोमोसोममध्ये होणारी डीएनएची अदलाबदल, मोजायचे हे माझं रोजचं काम, आणि त्यासाठी सशाची ही पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण, म्हणून लॉटनुसार म्हणजे बॅचनुसार बदलू शकणारी) एमएलएच-१ अँटीबॉडी मी दोन वर्षं वापरतेय; एमएलएच-१ हे क्रॉसओव्हरच्या जागी बसणारं प्रोटीन. कंपनीचं नाव घेत नाही कारण जो त्रास झाला तो अशा पॉलिक्लोनलमध्ये कुठेही होऊ शकतो.

आधी चांगलं सांगते. पहिला लॉट आला तेव्हा स्लाइड रात्रभर ओल्या डब्यात ठेवल्या, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपवर बसले, एसवायसीपी-३ (क्रोमोसोमचा कणा दाखवणारं प्रोटीन) लाल आणि एमएलएच-१ हिरवा, आणि पॅकिटीनमधली (क्रोमोसोमच्या जोड्या पूर्ण जुळलेल्या असतात तो टप्पा) एक सुंदर पसरलेली पेशी सापडली. १९ लाल दोरे सुटेसुटे, प्रत्येकावर एक हिरवा ठिपका, लांब दोऱ्यांपैकी काहींवर दोन, आणि एक्स-वायची जोडी, जी फक्त टोकाशी चिकटलेली असते, तिथेही एक बारीकसा. मोजले तर २३, म्हणजे उंदराच्या नरात येतात तसेच. मागे धूसरपणा जवळपास नाहीच. असं चित्र दिसलं की दिवसभराचा थकवा जातो खरंच.

हे ठिपके इतके मोलाचे का तर स्पो-११ हे प्रोटीन एका पेशीत साधारण २०० ते ३०० ठिकाणी डीएनए तोडतं, मग त्या तुटक्या टोकांवर रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही प्रोटीनं चढतात आणि समोरच्या क्रोमोसोमवर आपला जोडीदार शोधतात, आणि एवढ्या सगळ्या तुटींमधून शेवटी वीसेक जागीच क्रॉसओव्हर होतो, बाकीच्या अदलाबदल न होता दुरुस्त होतात. प्रत्येक जोडीत निदान एक तरी क्रॉसओव्हर लागतोच, नाहीतर विभाजनात क्रोमोसोम नीट वेगळे होत नाहीत. एमएलएच-१ नेमका त्या ठरलेल्या जागांवर बसतो. सगळे पकडत नाही हं, ९० टक्क्यांच्या आसपास, उरलेले दुसऱ्या वाटेने होतात.

आता त्रास. दुसरा लॉट आला, कॅटलॉग नंबर तोच, मी बिनधास्त वापरला आणि सरासरी १६-१७ यायला लागली. माझ्याकडे तेव्हा म्युटंट उंदीर चालू होते, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं हा म्युटेशनचाच परिणाम, मनातल्या मनात आकृत्या पण काढून झाल्या, मग नॉर्मल उंदरांच्या स्लाइड बघितल्या तर त्यांच्यातही तेवढेच. काही ठिपके दोऱ्यापासून लांब, नुसते इकडेतिकडे. एक आठवडा बफर बदलण्यात गेला, पॅराफॉर्मल्डिहाइड नवीन केलं, पीएच पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी जुन्या लॉटचा एक अलिकॉट (वेगळा काढून ठेवलेला छोटा भाग) फ्रीजरच्या तळाशी मिळाला, त्याच प्राण्याच्या दुसऱ्या स्लाइडवर टाकला, आणि २३. दोष लॉटचाच होता.

कंपनीला कळवलं तर त्यांनी वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीन जेलवर वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) फोटो पाठवला, बँड अगदी स्वच्छ. पण वेस्टर्नमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं, स्प्रेडवर ते आपल्या जागी गुंतून बसलेलं असतं, त्यामुळे एकात चालली म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही. डेटाशीटवरचा दुसरा फोटो मोठ्या आतड्याच्या ट्यूमरचा, कारण पॅथॉलॉजीत एमएलएच-१ त्यासाठीच जास्त वापरतात. वृषणाचा एकही फोटो नाही, हे मला खरंच खटकतं. दोन्ही लॉटचे फोटो शेजारी ठेवून पाठवले तेव्हा मात्र त्यांनी कुरकुर न करता बदलून दिली, त्याबद्दल मनापासून आभार.

नवीन लोकांना एक सांगते, आकडा कमी आला की लगेच अँटीबॉडीवर खापर फोडू नका. सुरुवातीच्या पॅकिटीनमध्ये हे ठिपके आलेलेच नसतात, त्या पेशी मोजल्यात तर सरासरी खाली जाणारच. मी सोबत एच-१-टी (वृषणातलं एक हिस्टोन प्रोटीन) ची अँटीबॉडी लावते, तो मधल्या पॅकिटीनपासून दिसतो, मग गोंधळ होत नाही. आणि एमएलएच-१ नॉकआउटचा (ज्यात हे जीनच बंद केलंय अशा उंदराचा) टिश्यू कुणाकडे मिळत असेल तर त्याच्यासारखा कंट्रोल नाही.

याच कंपनीची डीएमसी-१ची पण घेतली होती, ती मला फारशी पटली नाही, रॅड-५१ आणि डीएमसी-१ इतके सारखे आहेत की हिरवं नक्की कोण दिसतंय याची खात्रीच देता येईना.

मी १:५० ला पातळ करून वापरते, रात्रभर. बाटली आल्या आल्या छोटे अलिकॉट करून उणे २० ला ठेवते, परत परत वितळवत नाही. पाचपैकी चार स्टार. तिसरा लॉट सध्या चालू आहे, २२-२३ येतायत, आणि पहिल्या लॉटचे दोन अलिकॉट मी नाव घालून वेगळे राखून ठेवलेत, त्यांना कुणाला हात लावू देत नाही.